‘येतं मला सगळं!’ म्हणजे नेमके किती?

वाचकांचे प्रश्न

सहामाही परीक्षा जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. झोप, जेवण, मोबाइल हे नेहमीचे विषय मागे पडतात आणि ‘अभ्यास करतो, पण लक्षात राहत नाही’ ही तक्रार पुढे येते. या वेळची पत्रे वाचताना मात्र असे जाणवले, की तक्रार विसरण्याची दिसत असली तरी बहुतेक पत्रांच्या मुळाशी दुसराच प्रश्न आहे: आपल्याला काय येते आणि काय येत नाही, याचा मुलाचा स्वतःचा अंदाज चुकतो आहे. त्या अंदाजाविषयीची पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. आम्ही इंदिरानगरला राहतो. संध्याकाळी धडा वाचून झाला, की तो ‘येतं गं आई सगळं’ म्हणतो. मी लगेच पुस्तक हातात घेऊन चार प्रश्न विचारते आणि तो उत्तरेही बरोबर देतो. घटक चाचणीत मात्र वीसपैकी नऊ गुण मिळाले. विचारले तर म्हणतो, ‘घरी येत होतं.’ त्याचे वडील म्हणतात, की तो खेळायला जाण्यासाठी खोटे बोलतो. हे खोटे बोलणे आहे का?

तुमचा मुलगा खोटे बोलत नाही, हे आधी त्याच्या वडिलांना सांगा. संध्याकाळी तुम्ही विचारता त्या वेळी त्याला ते खरोखरच येत असते, आणि त्याचा पुरावा तुमच्या पत्रातच आहे. चूक होते ती ‘आत्ता येतं’ यावरून ‘सोमवारीही येईल’ असे धरून चालण्यात. आणि ती चूक तो एकटा करत नाही, पुस्तक हातात घेऊन लगेच प्रश्न विचारणाऱ्या तुम्हीही त्यात त्याच्या भागीदार आहात.

धडा मिटल्या मिटल्या वाचलेले अजून कानात घुमत असते. त्या ताजेपणामुळे उत्तर झटकन ओठांवर येते, आणि झटकन आले म्हणून ते पक्के आहे असे वाटते. आपल्या डोक्यात काय साठले आहे, हे कोठीचे दार उघडून पाहावे तसे पाहण्याची सोय कोणालाच नसते. किती सहज आठवले, यावरूनच ते किती मुरले असेल याचा अदमास घ्यावा लागतो. मोठी माणसेही हेच करतात. फरक इतकाच, की मोठ्यांना या अदमासाने पूर्वी अनेकदा दगा दिलेला असतो, त्यामुळे ती थोडी सावध झालेली असतात.

थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला देऊन, ‘पहिला शब्द दिला तर दुसरा नंतर आठवेल का?’ असा अंदाज त्यांच्याकडून घेतला. काही जोड्यांबाबत हा अंदाज पाठ केल्यावर लगेच घेतला आणि काहींबाबत थोड्या वेळाने. लगेच केलेले अंदाज बरेच चुकले, उशिरा केलेले आश्चर्य वाटावे इतके बरोबर निघाले. पुढे 2000 मध्ये वोल्फगँग श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग बालवाडीच्या वयापासून चौथीपर्यंतच्या मुलांवर केला, तेव्हा लहान मुलांतही तेच दिसले. म्हणजे अंदाज करण्याची कुवत मुलांजवळ असते. आपण विचारतो ती वेळ चुकीची असते.

येथे एक बारकावा आहे आणि घरोघरी तोच निसटतो. उशिरा विचारण्याचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा मुलापुढे फक्त प्रश्न असतो आणि उत्तर झाकलेले असते. प्रयोगात प्रश्न आणि उत्तर दोन्ही पुढे ठेवून ‘हे आठवेल का?’ असे विचारले, तर उशिराचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. आता आपले स्वयंपाकघर आठवा. पोळ्या लाटता लाटता आई विचारते, ‘गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर होतो, हे माहिती आहे ना?’ आणि मुलगा ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’चा अर्थ ‘ऐकल्यासारखे वाटते’ एवढाच असतो. प्रश्न ‘गोदावरी कुठे उगम पावते?’ असा असला आणि त्यानंतर लाटणे चालू ठेवून दहा सेकंद गप्प राहता आले, तरच मुलाला आणि तुम्हालाही खरी स्थिती कळेल. ते दहा सेकंद गप्प राहणे आयांना फार जड जाते, हे मी स्वानुभवाने लिहिते आहे.

उजळणीच्या पद्धतीनेही अशीच फसवणूक होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिकी यांनी 2006 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एका बैठकीपुरताच वाचला आणि नंतर तीन वेळा उतारा न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता: त्यांना 83 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना 71 टक्के. आठवड्याने मात्र पारडे फिरले. वाचणाऱ्यांजवळ 40 टक्के उरले होते, लिहिणाऱ्यांजवळ 61 टक्के. आणि ‘आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल?’ असे सुरुवातीला विचारले, तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थीच जास्त निर्धास्त होते. तुमचा मुलगा तोच धडा तीनदा वाचून उठतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दिसतो तो हाच निर्धास्तपणा. प्रत्येक वाचनागणिक धडा सोपा वाटत जातो, आणि ‘सोपा वाटतो’ याचा अर्थ तो ‘येतो’ असा लावतो.

करायचे काय, तर धडा वाचून झाल्यावर लगेच काहीही विचारू नका. त्याला खेळायला जाऊ द्या. धड्यावरचे आठ-दहा प्रश्न त्यानेच चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावेत. रात्री जेवणे झाल्यावर पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून त्याने एकेक चिठ्ठी उघडावी आणि उत्तर देण्यापूर्वी चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘येईल’, ‘नाही येणार’ किंवा ‘शंका आहे’ असे लिहावे. मग उत्तर लिहावे आणि शेवटी पुस्तकाशी ताडून पाहावे. किती उत्तरे बरोबर आली यापेक्षा ‘येईल’ लिहिलेली किती चुकली, याकडे दोघांनी पाहावे. पहिल्या आठवड्यात तो चिडेल. त्या चिठ्ठ्या फेकू नका. पंधरा दिवसांनी त्याच पुन्हा काढल्या, की त्याला स्वतःचा अंदाज कुठे फसतो हे दिसू लागेल, आणि ते तुम्ही सांगण्याची गरज उरणार नाही.

एवढ्यावर काम संपत नाही, कारण आपल्याला काय येत नाही हे कळणे वेगळे आणि त्यानुसार वेळ वाटणे वेगळे. ॲनेट ड्यूफ्रेन आणि अकिरा कोबासिगावा यांनी 1989 मध्ये पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवीच्या मुलांना काही सोप्या आणि काही अवघड जोड्या पाठ करायला दिल्या आणि हवा तेवढा वेळ दिला. पहिली-तिसरीच्या मुलांनी दोन्हींना जवळपास सारखाच वेळ दिला. पाचवी-सातवीची मुले अवघड जोड्यांपाशी जास्त थांबली. तुमचा मुलगा सहावीत आहे, म्हणजे ही समज येण्याच्या वयात आहे. पण समज आली म्हणून सवय लागतेच असे नाही. आवडता, आधीच येणारा भाग पुन्हा वाचण्यात जे सुख आहे, ते सोडवत नाही. म्हणून ‘नाही येणार’ आणि ‘शंका आहे’ अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा वेगळा करा आणि दुसऱ्या दिवशीचा अभ्यास त्या गठ्ठ्यापासून सुरू होऊ द्या.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवतो. उतारा शिकवून झाल्यावर ‘समजलं का?’ असे विचारले, की सगळा वर्ग एका सुरात ‘हो गुरुजी’ म्हणतो. स्वाध्याय तपासताना मात्र निम्म्या मुलांना उतारा कळलाच नव्हता, हे लक्षात येते. मुलांना आपल्याला कळले नाही, एवढेही कळत नसेल का?

गुरुजी, तुमच्या शेवटच्या वाक्यातील शंका जशीच्या तशी घेऊन एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञ 1970 च्या दशकात शाळाशाळांत गेल्या होत्या. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात पहिली ते तिसरीच्या मुलांना पत्त्यांच्या एका नव्या खेळाची माहिती सांगितली. त्या माहितीत एका ‘खास पत्त्या’चा उल्लेख होता, पण खास पत्ता कोणता हे मुद्दाम सांगितलेच नव्हते. मग मुलांना विचारले, की काही सांगायचे राहिले आहे का. लहान मुलांना, विशेषतः पहिलीच्या मुलांना, काही उणे आहे असे वाटले नाही. प्रत्यक्ष पत्ते हातात घेऊन खेळायला बसल्यावरच त्यांच्या लक्षात आले, की अरे, हे तर जमतच नाही!

दोन वर्षांनी, 1979 मध्ये, त्यांनी तिसरी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना छोटे उतारे दिले. एका उताऱ्यात असे होते, की समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, आणि पुढे असे होते, की तेथील मासे आपले अन्न रंगावरून ओळखतात. अंधारात रंग कसा दिसेल, हा प्रश्न सहावीच्याही कित्येक मुलांना पडला नाही. उताऱ्यात काहीतरी गडबड आहे, ती शोधा, असे आधी सांगितले तेव्हा मात्र मोठ्या मुलांची कामगिरी सुधारली. म्हणजे तपासण्याची शक्ती त्यांच्यात होती, पण वाचताना तपासायचे असते, हे त्यांनी गृहीत धरलेले नव्हते.

असे का होते, याचे एक उत्तर लिंडा बेकर यांच्या संशोधनात सापडते. लहान मूल उतारा तपासते ते शब्दाशब्दाने. एखादा शब्द अनोळखी असला, की ते अडखळते आणि हात वर करते. सगळे शब्द ओळखीचे असले, की उतारा समजला असे मानते. दोन वाक्ये एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्यासाठी पहिले वाक्य मनात धरून ठेवून दुसऱ्याशेजारी ठेवावे लागते, आणि ते कष्टाचे काम आपण होऊन फार थोडी मुले करतात. तुम्ही ‘समजलं का?’ विचारता तेव्हा मुले प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतात. मात्र त्यांनी उत्तर दिलेले असते ते ‘शब्द अवघड होते का?’ या त्यांच्या मनातल्या प्रश्नाचे. चाळीस जणांच्या वर्गात एकट्यानेच ‘नाही’ म्हणण्याची लाज त्यात मिळवा, म्हणजे तो एका सुरातला होकार कसा तयार होतो ते दिसेल.

तुमच्या भागाला जुळणारी एक युक्ती सांगते. द्राक्षबागेवर आठ-दहा ओळींचा परिच्छेद लिहा. सुरुवातीला लिहा, की ही बाग वर्षातून एकदाच छाटतात. पुढे एप्रिलची खरड छाटणी कशी करतात ते सांगा आणि शेवटी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मणी कसे धरतात ते लिहा. मी हे एकदा पिंपळगावजवळच्या एका वर्गात करून पाहिले. बागाईतदारांची मुले विसंगती चटकन पकडतील, अशी माझी अपेक्षा होती, झाले उलटेच. छाटणी दोनदा होते हे त्यांना घरचेच ठाऊक असल्यामुळे पहिले वाक्य त्यांनी वाचता वाचता मनातल्या मनात दुरुस्त करून टाकले आणि ‘काही चूक नाही’ म्हणून कागद परत दिला. चूक दाखवली ती वडील रेल्वेत नोकरीला असलेल्या एका मुलीने, कारण तिला छाटणीची काहीच माहिती नव्हती आणि कागदावर होते तेवढेच तिच्याजवळ होते. एका वर्गावरून नियम काढता येत नाही, हे मला मान्य आहे. पण माहीतगार माणूस वाचतो तेव्हा कागदावर काय आहे आणि आपल्याच डोक्यात काय आहे, यांची सरमिसळ होते, हे त्या दिवशी मला जितके स्वच्छ दिसले तितके पूर्वी कधी दिसले नव्हते.

वर्गात ‘समजलं का?’ हा प्रश्न शक्यतो विचारूच नका. त्याऐवजी उताऱ्यातील सूचनेप्रमाणे काही करायला लावा: चित्र काढा, रस्ता आखा, खेळ मांडा, शेजारच्याला समजावून सांगा. मार्कमन यांच्या प्रयोगातील मुलांना पत्ते हातात आल्यावर जे कळले, ते कृतीमुळे कळले. ॲनमेरी पालिंक्सर आणि ॲन ब्राउन यांनी 1984 मध्ये मांडलेली पद्धतही आपल्या शाळांत सहज रुजेल अशी आहे. त्यात मुले लहान गटात आळीपाळीने गुरुजी होतात: थोडक्यात सांगणे, प्रश्न विचारणे, न कळलेले उलगडणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज करणे, ही चार कामे ती स्वतः करतात. सातवीच्या कच्च्या वाचकांवर केलेल्या त्या प्रयोगात मुलांचे आकलन चांगलेच सुधारले. सारांश सांगायला उभे राहिलेले मूल तिसऱ्याच वाक्याला अडखळते, आणि आपल्याला कळलेले नाही, हे त्याचे त्यालाच उमगते.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. आम्ही पंचवटीत राहतो. संध्याकाळी मी त्याला पाढे आणि स्तोत्रे शिकवतो. दोनदा म्हटले, की ‘झालं पाठ, आजोबा!’ म्हणून उड्या मारत जातो. दुसऱ्या दिवशी निम्मेही येत नाही. ही फुशारकी आत्ताच मोडून काढावी का?

आजोबा, मोडू नका. हे या वयाचे लक्षण आहे, आणि ते मोजलेलेही आहे. ‘मेटामेमरी’, म्हणजे स्वतःच्या स्मरणशक्तीची स्वतःला असलेली जाण, हा शब्द रूढ करणारे जॉन फ्लेव्हेल यांनी 1970 मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह मुलांना एकापासून दहापर्यंत वाढत जाणाऱ्या चित्रांच्या पट्ट्या दाखवल्या आणि ‘एवढी लक्षात राहतील का?’ असे विचारले. बालवाडीच्या वयातील निम्म्याहून अधिक मुलांनी दहाच्या दहा राहतील असे सांगितले. त्यांचा सरासरी अंदाज सात-आठ चित्रांचा होता; प्रत्यक्षात आठवली साडेतीनच्या आसपास. चौथीतील मुलांचा अंदाज सहाच्या आसपास होता आणि आठवली साडेपाच. पाच वर्षांचे मूल ‘येईल’ म्हणते तेव्हा त्यात ‘यावे’ ही इच्छा बरीच मिसळलेली असते. डेव्हिड बिऑर्कलंड यांच्यासारखे अभ्यासक तर या फुगवलेल्या अंदाजाला उपकारक मानतात, कारण आपल्याला किती थोडे येते हे लहानपणीच नेमके कळले असते, तर मुलांनी कितीतरी गोष्टी करून पाहायच्या आधीच सोडून दिल्या असत्या. मला हे म्हणणे पटते.

याचा अर्थ त्याला काहीच जाणवत नाही असा मात्र नाही. फ्रान्समध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस महिन्यांच्या बाळांपुढे दोन खोक्यांपैकी एकात खेळणे लपवले. कुठे लपवले ते आठवेनासे झाले, की बाळे मदतीसाठी आईकडे किंवा वडिलांकडे वळून पाहत, आणि मदतीची ही मुभा असलेल्या बाळांच्या चुका कमी झाल्या. म्हणजे आपल्याला आठवत नाही, याची पुसट चाहूल इतक्या लहान वयातही असते. ती शब्दांत सांगता येण्याइतकी स्पष्ट व्हायला वर्षे जातात. नातू ‘साती आठे’ला येऊन आपल्या तोंडाकडे पाहतो ना? त्याचे ते पाहणे त्याच्या ‘झालं पाठ’पेक्षा जास्त विश्वासाचे समजा.

पाठांतराच्या बाबतीत तर आपल्या पंचक्रोशीतच पाहण्यासारखे पुष्कळ आहे. त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळेत संहिता पाठ झाली की नाही, हे विद्यार्थ्याच्या सांगण्यावर ठरत नाही. गुरुजींच्या कानावर ठरते. शिवाय पद, क्रम, जटा, घन अशा पायऱ्या आहेत. जटेत दोन पदे सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणायची. घनात त्यापुढे तिसरे पद घेऊन तसेच पुढे-मागे जायचे. उच्चार आणि क्रम अबाधित राहावा म्हणून ही रचना आहे, पण मला त्यात आणखी एक फायदा दिसतो. ओघात म्हणताना एका शब्दापाठोपाठ दुसरा आपोआप येतो आणि त्या ओघालाच आपण ‘येणे’ समजतो. क्रम उलटला, की ओघ तुटतो आणि खरोखर काय येते ते उघडे पडते. पाढ्यांचेही तसेच आहे. नातवाला ‘सात एके सात’पासून सुरुवात करू देण्याऐवजी अधूनमधून एकदम ‘साती आठे?’ असे विचारा, आणि तो विचारील तेव्हा आपणही मध्येच एखादे उत्तर चुकवा. आजोबांची चूक पकडण्यासाठी तो जेवढा पाढा पक्का करील, तेवढा आपल्या रागावण्याने करणार नाही.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. दर परीक्षेआधी ‘मला काहीच येत नाही’ म्हणून रडते आणि नंतर पंच्याऐंशी टक्के मिळवते. हा कांगावा समजावा का?

कांगावा समजू नका. सातत्याने सराव करणाऱ्यांचा अंदाज अनेकदा खाली झुकतो. आशेर कोरियाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मोठ्या विद्यार्थ्यांबाबत दाखवले, की तीच यादी पुन्हा पुन्हा पाठ करताना त्यांची प्रत्यक्ष कामगिरी वाढत जाते, पण स्वतःविषयीचा अंदाज तिच्यामागे राहतो. सरावात न आलेली उत्तरे डोळ्यांत सलत राहतात आणि आलेली विसरली जातात. ‘अगं, तुला सगळं येतं’ या दिलाशाचा तिला उपयोग नाही, कारण तो तिच्याजवळच्या कोणत्याही पुराव्यावर टेकलेला नाही. त्यापेक्षा सरावाची प्रश्नपत्रिका सोडवताना प्रत्येक प्रश्नापुढे ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ असे तिने लिहावे आणि तपासल्यावर ‘येत नाही’ लिहिलेले किती बरोबर आले, ते स्वतः मोजावे. रडण्याबरोबर झोप उडणे, जेवण तुटणे, पोटात कळा येणे असेही होत असेल, तर प्रश्न अंदाजाचा राहिलेला नाही. अशा वेळी शाळेतील समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना वेळेवर भेटावे.

प्रश्न : नाशिकरोडहून लिहिते आहे. मुलगी दुसरीत आहे. पाण्याची बाटली हरवली, की आधी ‘आठवत नाही’ म्हणते. मग खोदून खोदून विचारले, की ‘बसमध्ये राहिली’ असे ठामपणे आणि साद्यंत सांगते. बाटली निघते वर्गात. एवढ्या ठामपणे चुकीचे कसे सांगते?

तिचे पहिले उत्तर खरे होते. स्टीफन सेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात शाळापूर्व वयातील मुलांना अनेक आठवडे पुन्हा पुन्हा विचारले, की ‘नीट आठव, तुझे बोट कधी उंदराच्या सापळ्यात अडकले होते का?’ कोणाचेच अडकलेले नव्हते. तरी शेवटी अनेक मुले ती घटना अगदी बारीकसारीक तपशिलांसह सांगू लागली. ‘आठव ना, बसमध्ये तर नाही राहिली?’ असे आपण विचारतो तेव्हा मुलगी बस डोळ्यांपुढे आणते, सीटवर बाटली ठेवलेली कल्पून पाहते, आणि तिसऱ्यांदा विचारले जाते तोवर ते कल्पिलेले चित्र आठवणीइतके स्पष्ट झालेले असते. दुसरीतील मूल त्या मुलांपेक्षा थोडे मोठे असले, तरी आईला उत्तर हवे आहे हे त्याला पक्के कळते. एकदाच विचारा, आणि जागेचे नाव न सुचवता विचारा: ‘बाटलीतले पाणी शेवटचे कधी प्यालीस?’ ती ‘आठवत नाही’ म्हणाली, तर ‘बरं’ म्हणून तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी वर्गातील खिडकीची कड तिला स्वतःला पाहून यायला सांगा.